घोड्याच्या जखमेवर मध: पहिल्यांदा पट्टी करणाऱ्यांसाठी

दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. दर वर्षी तिथून काही घोडे अशा घरांत जातात, जिथे आधी कधी घोडा बांधलेलाच नसतो. माझी पहिली घोडी अशीच आली. ट्रकातून उतरली तेव्हा मागच्या उजव्या पायाला, खुराच्या वरच्या खोलगट भागात, पिछाडीच्या, म्हणजे मागचा पाय बांधायच्या, दोरानं चार बोटं रुंद सोलून निघालं होतं. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, मध लावा. मी स्वयंपाकघरातली बाटली आणली, दोन चमचे मध वर ओतला आणि निर्धास्त झालो. संध्याकाळी खुरापासून जखमेपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. तिसऱ्या दिवशी पाय सुजला. डॉक्टरांनी केस कापून, धुऊन बघितलं तर आत बाभळीचा काटा. "मध चांगलाच आहे हो," ते म्हणाले, "पण काट्यावर कशाला लावलात?"

पुढे त्याच घोडीची जखम मधाच्या पट्ट्यांनीच भरली. आज तिथे बोटभर पांढऱ्या केसांचा पट्टा तेवढा उरलाय. पण मधाचा नंबर पाचवा-सहावा लागतो आणि त्याआधीची कामं चुकली तर मध काहीही वाचवू शकत नाही, हे मला तिच्या जिवावर कळलं. म्हणून खालचं सगळं कामाच्या क्रमानं लिहिलंय. मध बराच उशिरा येईल. मधली पानं गाळून थेट तिकडे जाऊ नका.

आधी जखम कुणाची ते ठरवा

काही जखमा तुमच्या हाताच्या असतात आणि काही डॉक्टरांच्या. दोराचं सोलवटणं, काटेरी तारेचा उथळ ओरखडा, रस्त्यावर घसरून फुटलेल्या गुडघ्यावरची वरवरची कातडी, खोगीर लागून पाठ सोललेली असणं, या जखमा डॉक्टरांना एकदा दाखवून मग घरी सांभाळता येतात. पुढच्या जखमांना मात्र मध लावायचाच नाही, फोन लावायचा.

रक्त उडत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून दाबून धरा आणि दहा-पंधरा मिनिटं उचलून बघू नका. दर मिनिटाला कापड उचललं की धरू लागलेली गुठळी निघते. रक्त पाहून घाबरायला होतं, ते साहजिक आहे. पण साडेतीनशे किलोच्या घोड्याच्या अंगात २५ लिटरच्या वर रक्त असतं. तांब्याभर सांडलं म्हणून घोडा जात नाही. शांत राहून दाबून धरणं हेच काम.

सांध्याजवळची जखम, मग ती कितीही लहान असो, डॉक्टरांचीच. जखमेतून पातळ, पिवळसर, बोटांत धरली तर तार ओढणारं पाणी येत असेल तर ते सांध्यातलं वंगण असू शकतं. सांध्यात जंतू गेले की घोडा कायमचा लंगडा होतो, कधी दगावतोही, आणि तिथे तास मोजले जातात. तसंच खिळा किंवा काटा खोल घुसलेला, डोळ्याच्या आसपासची जखम, छाती-पोटाला भोक, हाड किंवा शीर (कंडरा) उघडी दिसणं, पायावर भार न टाकणं. कातडीचा मोठा तुकडा लोंबत असेल तर टाके घालण्याची चांगली वेळ साधारण पहिले सहा ते आठ तास असते. अशा वेळी डॉक्टर येईपर्यंत मिठाच्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवा. मध, हळद, मलम, पावडर काही नको. ते काढण्यातच डॉक्टरांचा वेळ जातो. जवळ डॉक्टर नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

दोन आजार जखमेचं सोंग घेऊन येतात, ते नव्या माणसानं ओळखायलाच हवेत.

पहिला बरसाती. पावसाळ्याच्या तोंडावर माश्या वाढल्या की एखादा ओरखडा अचानक भरायचा थांबतो, लालसर, खडबडीत होतो, खाज सुटते आणि आत तांदळाच्या कणीसारखे पिवळे कडक दाणे लागतात. माशी जखमेवर एका जंताची पिल्लं सोडते, त्यांचं हे काम. इंग्रज फौजेतल्या घोडेवैद्यांनीही हिंदुस्थानात हा आजार पाहिला आणि त्यांच्या पुस्तकांत आपलाच शब्द उचलून 'बरसाती' हे नाव नेलं. यावर मध कितीही लावा, जंताचं औषध पोटात गेल्याशिवाय जखम हटणार नाही.

दुसरा ग्लँडर्स, आणि हा जीवघेणा. पायाच्या आतल्या बाजूनं किंवा अंगावर दोरीत ओवल्यासारख्या गाठी येतात, फुटतात, आणि त्यातून येणारा पू चिकट, पिवळसर, चक्क मधासारखा दिसतो. सोबत नाकातून घट्ट शेंबूड, ताप, खंगणं. हा आजार माणसालाही होतो. अशी शंका आली तर हातमोज्याशिवाय हात लावू नका, घोडा वेगळा बांधा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००९ च्या कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासतात.

धनुर्वात

याला वेगळं शीर्षक दिलंय, कारण माझ्या ओळखीत जखमेनं मेलेले घोडे थोडे आहेत आणि जखमेनंतरच्या धनुर्वातानं मेलेले जास्त. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि खुद्द घोड्याच्या लिदीत राहतो, त्याला हवा नको असते, आणि पाळीव जनावरांत घोड्याइतकं त्याला बळी पडणारं दुसरं जनावर नाही. बाहेरून जवळजवळ बुजलेली खिळ्याची जखम त्याला सगळ्यात सोयीची.

लस स्वस्त आहे. पहिल्या दोन मात्रा चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं, मग दर वर्षी एक. जखम झाली की पहिला प्रश्न हाच: शेवटची लस कधी दिली? सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर डॉक्टर पुन्हा एक टोचतील. कधीच दिली नसेल किंवा यात्रेतून आणलेल्या घोड्यासारखं काही माहीतच नसेल, तर लगेच संरक्षण देणारं अँटिटॉक्सिनचं वेगळं इंजेक्शन लागतं, तेही त्याच दिवशी. पुढचे दोन-तीन आठवडे रोज बघा. चाल लाकडी होणं, कान ताठ, शेपूट उचललेली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर सरकणं, चारा तोंडात घेऊन चावता न येणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. मधानं धनुर्वात टळत नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या घोडेवाल्याला तोंडावर म्हणतो.

घोडा धरणं

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये म्हणतात. जखमी घोड्याच्या बाबतीत पहिला अर्धा भाग अक्षरशः पाळा. एकट्यानं पट्टी करू नका. एकजण मोरखी धरून डोक्याशी उभा राहील, आणि तो पट्टी करणाऱ्याच्याच बाजूला उभा राहील. म्हणजे घोडा बुजला तर त्याचं डोकं तुमच्याकडे वळवता येतं आणि मागचे पाय तुमच्यापासून दूर जातात. घोडा खांबाला पक्का बांधून जखमेला हात लावणं धोक्याचं, अंगावर येईल तेव्हा सुटायला जागा नसते. पायाशी मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसू नका, उकिडवे बसा, म्हणजे उठून बाजूला होता येतं. मान थोपटत हात खांद्यावरून, पाठीवरून सरकवत खाली पायाकडे न्या. थेट जखमेला हात लागला की लाथ आलीच.

घोडा फारच उसळत असेल तर डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देतात. ते त्यांच्याकडूनच घ्या. वरच्या ओठाला दोरीचा फास लावायची जुनी रीत आहे, पण शिकल्याशिवाय ती करू नका. माणसाचे दात आणि घोड्याचा विश्वास दोन्ही जाऊ शकतात.

बसण्याआधी ताप बघून वहीत लिहा. निरोगी घोड्याचा ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतो. पुढच्या दिवसांत तो चढला तर जखमेत काहीतरी शिजतंय, हे डोळ्यांआधी थर्मामीटर सांगतो.

धुणं, हेच खरं औषध

हात साबणानं धुवा, हातमोजे घाला. जखमेत ओलं गॉज भरून ठेवा आणि मग कडेचे दोन-तीन सेंटिमीटर केस कापा. गॉज भरलं नाही तर कापलेले केस जखमेतच पडतात आणि आत गेलेला एक केस आठवडाभर पू करत राहतो.

चिखल-लीद लागलेली असेल तर पहिल्यांदा पाइपच्या पाण्याची हलकी धार चालेल. त्यानंतर मिठाचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम साधं मीठ, म्हणजे सपाट भरलेले दीड ते पावणेदोन चहाचे चमचे. वजनकाटा असेल तर वजन करूनच घ्या. धार किती जोराची हवी? ३५ मिलिलिटरच्या सिरिंजला १९ नंबरची सुई लावून दाबली तर जी धार येते, तेवढी. धूळ निघते आणि जंतू आत ढकलले जात नाहीत. सुई जखमेला टेकू द्यायची नाही, आणि घोडा हलत असेल तर तिचं टोक मोडून घ्या. तळहाताएवढ्या जखमेला मी एक लिटर तरी वापरतो. कंटाळा येतो, पाठ दुखते, घोडा पाय आपटतो. तरी पूर्ण लिटर संपवा.

जखम जुनी, घाणेरडी असेल तर एक लिटर मिठाच्या पाण्यात १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन १० ते २० मिलिलिटर घाला. रंग फिक्या चहासारखा दिसला पाहिजे. गडद केलं तर जंतूंबरोबर नवी उगवणारी पेशीही मरते. यानंतर पुन्हा साधं मिठाचं पाणी.

आता नीट बघा. काटा, खडा, तारेचा तुकडा, मेलेली काळी कातडी. अळ्या दिसल्या तर त्या काढल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि ते काम डॉक्टरांकडून करून घ्या. मी त्या दिवशी हे केलं असतं तर बाभळीचा काटा तिथेच सापडला असता.

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीचा फेस पाहून जखम स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण तो फेस नवं मांसही जाळतो. जळकं ऑइल, फिनेल, चुना, चुलीची राख, रॉकेल, शेण यांपैकी एक तरी गोष्ट तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल, बहुधा प्रेमानंच. नम्रपणे ऐकून घ्या आणि लावू नका. हळदीबद्दल मात्र लोक नाराज होतात. बाजारातली हळद पूड ही निर्जंतुक नसते, आणि तिचे कण जखमेत रुतून बसतात, पुढच्या पट्टीला धुऊन निघत नाहीत. मधात हळद कालवायची गरज नाही.

मध कोणता

मधात साधारण ८० टक्के साखर असते आणि पाणी २० टक्क्यांच्या आत. इतका दाट पदार्थ जखमेवर बसला की तो जंतूंमधलं आणि सुजलेल्या मांसातलं पाणी ओढून घेतो. जखमेतून सतत ओल बाहेर येत राहते, तिच्याबरोबर घाण सुटते, आणि पट्टी मांसाला चिकटत नाही. मध आंबट असतो, तेही जंतूंना मानवत नाही. शिवाय मधमाशी त्यात एक विकर (एन्झाइम) मिसळते. मध जखमेच्या ओलीनं पातळ झाला की ते विकर जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं, बाटलीतल्यापेक्षा शेकडो पटींनी सौम्य. न्यूझीलंडच्या मानुका मधात याखेरीज मिथिलग्लायोक्सल नावाचं रसायन भरपूर असतं, म्हणून त्याचं नाव जास्त झालं. वाइकाटो विद्यापीठातल्या पीटर मोलन यांनी त्यावर आयुष्यभर काम केलं. आपल्याकडे सुश्रुतानं व्रण साफ करणारा आणि भरून आणणारा म्हणून मधाचे गुण कधीच सांगून ठेवलेत.

घोड्यांवरचे प्रयोगही झालेत. सिडनी विद्यापीठात घोड्यांच्या नळीवर, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडावर, मुद्दाम केलेल्या, मुद्दाम घाण लावलेल्या जखमांवर मानुका मध लावला, तेव्हा त्या सुरुवातीच्या दिवसांत कमी पसरल्या. इस्रायलमधल्या पशुवैद्यांनी १२७ घोड्यांच्या अभ्यासात टाके घालण्यापूर्वी काहींच्या जखमेत वैद्यकीय मध भरला, तर त्या जखमा जास्त प्रमाणात नीट भरून आल्या. पण ग्लासगोच्या अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांनी २९ प्रकारचे मध आणले आणि आधी त्या मधातच जंतू आहेत का ते तपासलं. १८ नमुने दूषित निघाले. उरलेल्या ११ पैकी बहुतेकांनी घोड्याच्या जखमेतले जंतू मारले, आणि स्कॉटलंडचा स्थानिक हेदर फुलांचा मधही त्यात चांगला ठरला. म्हणजे महागडं परदेशी नाव असलंच पाहिजे असं नाही, पण मध स्वच्छ असलाच पाहिजे.

म्हणून पहिली पसंती औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या वैद्यकीय मधाला: ट्यूब, जेल किंवा मध भिजवलेलं गॉज. तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. लासलगावला अमेरिकेत जाणारे आंबे ज्या प्रकारच्या किरणांखालून जातात, तीच ही किरणं. त्यांनी जंतू आणि त्यांचे बीजाणू मरतात, पण मधातलं विकर टिकतं. उकळून निर्जंतुक करायला गेलात तर विकरच मरतं आणि हातात नुसता साखरेचा पाक उरतो. बीजाणूंचा मुद्दा घोड्याच्या बाबतीत हलका घेऊ नका. कच्च्या मधात कधी कधी बॉटुलिझम या विषबाधेच्या जंतूचे बीजाणू असतात आणि घोडा त्या विषाला फार हळवा आहे. खोल, पिशवीसारख्या जखमेत कच्चा मध भरायचा नाही, तो याच कारणानं.

दुकानातला खायचा मध जखमेसाठी मी वापरत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं १३ ब्रँडचे मध जर्मनीत तपासून घेतले, त्यातले १० शुद्धतेच्या चाचणीत नापास झाले. पाकाची भेसळ असलेल्या मधात ते विकर कुठून येणार? पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून बघण्याच्या घरगुती परीक्षांवर विसंबू नका, आजची भेसळ त्यात पकडली जात नाही.

वैद्यकीय मध मिळेपर्यंत उथळ सोलवटलेल्या जखमेसाठी ओळखीच्या मधपाळाकडचा, पेटीतल्या सातेरी मधमाशीचा, यंत्रातून काढलेला, न तापवलेला मध त्यातल्या त्यात बरा. महाबळेश्वर भागात, २०२२ साली मधाचं गाव झालेल्या मांघरमध्ये, अशा पेट्या घरोघरी दिसतात. आग्याचं पोळं पिळून काढलेला मध मात्र नको. त्यात अळ्यांचा रस, मेण, पराग सगळं उतरतं, पाणीही जास्त असतं आणि पावसाळ्यात तो आंबतो. बाटलीतून फेस आला किंवा आंबूस वास आला की तो जखमेसाठी संपला.

जखमेचा मध वेगळ्या बाटलीत, अंधारात ठेवा. लागेल तेवढा स्वच्छ वाटीत काढून घ्या, वापरलेला चमचा परत बाटलीत घालू नका. थिजला असेल तर बाटली कोमट पाण्यात उभी करा, हाताला सोसेल इतक्याच.

लावणं आणि बांधणं

जखमेच्या कडेची कातडी कोरडी टिपा, आतली टिपू नका. मध थेट जखमेवर ओतण्यापेक्षा गॉजवर घ्या. १० बाय १० सेंटिमीटरच्या गॉजला साधारण २० मिलिलिटर, म्हणजे चार चहाचे चमचे. घोड्याच्या अंगाच्या उबेनं मध पातळ होऊन ओघळतो, म्हणून कमी लावला तर दुपारपर्यंत काही उरत नाही. गॉज जखमेच्या कडेबाहेर एक बोट येऊ द्या. ताज्या जखमेवर मध झोंबतो. लावल्यावर मिनिटभरात घोडा पाय झटकतो, तेव्हा हात काढून बाजूला व्हा आणि त्याला शांत होऊ द्या.

यावर ओल शोषणारा थर. दवाखान्यातला पॅड नसेल तर बाळाचा डायपर किंवा सॅनिटरी पॅड उत्तम चालतो, आणि मी तबेल्यात डायपरचं पाकीट कायम ठेवतो. त्यावर कापसाची जाड गुंडाळी, सुरकुती न पाडता, किमान एक इंच जाडी भरेल इतकी. हा थर वाचवायचा नाही. पातळ कापसावर घट्ट पट्टी बांधली की पायामागची शीर चेपली जाते, आणि पट्टीनं झालेली ती इजा मूळ जखमेपेक्षा वाईट असते. मग क्रेप बँडेज, समोरून मागे असं फिरवत, प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर चढवत. ताण समोरच्या हाडावर द्या, मागच्या शिरेवर नको. वर-खाली कापूस बोटभर बाहेर दिसला पाहिजे. शेवटी वरच्या टोकाला चिकटपट्टीचा एक वेढा, तोही ओढून नव्हे. पट्टीच्या वरच्या कडेत एक बोट सहज जावं.

खुराच्या वरच्या भागात पट्टी करताना ती खुरावरूनही घ्या, नाहीतर चालता चालता वर सरकते. दुसऱ्या पायालाही आधाराची साधी पट्टी बांधलेली चांगली, कारण सगळा भार आता त्याच्यावर आहे.

मुंग्या, माश्या, मधमाश्या येणारच. पट्टीच्या बाहेर ओघळलेला मध ओल्या फडक्यानं पुसून काढा, कोरडं करा आणि घोडा कोरड्या जागी बांधा. माथेरानला तर माकडंही पट्टी ओढतात असं तिथले घोडेवाले सांगतात. खुद्द घोड्यालाही गोड वास येतो. चावत असेल तर मोरखी आखूड बांधून किंवा मानेला काठ्यांची चौकट घालून आवरावं लागतं. आणि जखम दोराची असेल तर तो दोर बदला. पिछाडी लावायचीच असेल तर रुंद, मऊ, आतून कापड शिवलेल्या पट्ट्याची लावा, आणि त्या पायाला जखम भरेपर्यंत अजिबात नको.

पाठीवरच्या जखमेला पट्टी बसत नाही. तिथे मध भिजवलेलं गॉज ठेवून वर स्वच्छ चादर छातीखालून सैल बांधा, दिवसातून दोनदा बदला. मात्र खोगीर लागून झालेल्या जखमेचं औषध खोगीर उतरवणं हेच आहे. हंगामाचे दिवस आहेत, पर्यटक आहेत, पोट त्यावर आहे, हे मला कळतं. तरी जखमेवर मध लावून वर जाड नमदा टाकून खोगीर चढवलं तर ती जखम पुढच्या हंगामातही तिथेच असेल. नवी कातडी धरेपर्यंत सुट्टी, आणि नंतर खोगिराचा बसायचा भाग आतून तपासून घ्या.

पट्टी सोडल्यावर काय दिसतं

पहिले तीन-चार दिवस रोज बदला. ओल भरपूर येते, डायपर जड होतो, हे मधाचंच काम आहे. ओल कमी झाली की दोन दिवसांनी, मग तीन दिवसांनी. पट्टी वरून ओली झाली, सरकली किंवा वास आला तर ठरलेल्या दिवसाची वाट बघू नका. प्रत्येक वेळी मिठाच्या पाण्यानं हलकं धुवा. आता जोराची धार नको, नवं मांस कोवळं असतं.

पायावरची जखम पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत मोठी झालेली दिसते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नाही, कातडी ताणलेली असते, ती मागे सरकते. मीही तेव्हा मध थांबवून दुसरं काही लावायच्या बेतात होतो. थांबू नका. दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, म्हणजे मनाचे खेळ राहत नाहीत.

पिवळसर, मधमिश्रित, पातळ स्राव चालतो. हिरवट दाट पू, कुजका वास, पाय वरपर्यंत गरम आणि सुजलेला, अचानक लंगडणं, ताप चढणं, हे चालत नाही, मध बंद करून डॉक्टरांना बोलवा. दोन आठवडे नीट पट्टी करूनही जखम जागची हलत नसेल तर आत काहीतरी राहिलंय: काटा, हाडाचा मेलेला कपचा, किंवा बरसाती.

मध कधी थांबवायचा

चांगली चाललेली जखम तळापासून गुलाबी-लाल, बारीक दाणेदार मांसानं भरत येते. ती कडेच्या कातडीच्या पातळीला आली की मधाचं काम झालं. यापुढे ओल नको, कातडीला कडेकडून आत सरकायला कोरडी, सपाट जागा हवी. कडेला फिकट गुलाबी, चकचकीत, काडीएवढी रेघ दिसू लागेल, ती नवी कातडी. ती फार सावकाश चालते. अंगावर दिवसाला साधारण ०.२ मिलिमीटर, आणि गुडघ्याखाली ०.१ मिलिमीटरच्याही आत. दोन-तीन महिने लागले तर काही बिघडलंय असं समजू नका.

बिघडतं ते मांस वर आलं तर. गुडघ्याखालच्या जखमांत मांस कातडीच्या पातळीवर थांबत नाही, फुलकोबीसारखं बाहेर येतं, आणि कडेची कातडी त्या उंचवट्यावर चढू शकत नाही. नवखी माणसं हे पाहून खूश होतात, जखम भरली म्हणून. मध त्याला बसवत नाही, उलट ओलसर पट्टी चालूच ठेवली तर ते आणखी फोफावतं. मोरचुदानं जाळण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका, कडेची कोवळी कातडीही त्यात जळते. डॉक्टर ते सुरीनं सपाट कापून देतात. त्या मांसात संवेदना नसते, घोड्याला दुखत नाही, रक्त मात्र बरंच येतं, म्हणून ते घरी करायचं काम नाही.

पातळीला आल्यावर मी मध बंद करतो, साधा न चिकटणारा पॅड आणि हलकी पट्टी ठेवतो, आणि नवी कातडी मधोमध मिळेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी बघतो. कातडी मिळाली की पट्टी सोडून माश्यांपासून जपायचं. महिनाभर तरी त्या जागेला दोर, तंग, खोगीर काही लागू द्यायचं नाही. केस बहुधा पांढरे येतात, कधी येतच नाहीत.